गोष्ट संपू न देणारी दूरचित्रवाणी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मराठी मालिकांच्या घसरलेल्या दर्जाबद्दल वाचकांची पत्रे आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. त्यांतील बहुतेकांत दोष लेखकांच्या पदरात टाकलेला असतो, काहींत कलाकारांच्या, आणि उरलेल्यांत असल्या मालिका पाहणाऱ्या प्रेक्षकांच्या. या तिघांवरही त्यात अन्याय होतो, असे मला वाटते. एखादा कार्यक्रम कसा घडतो हे समजून घ्यायचे असेल, तर तो कोणाच्या पैशावर उभा आहे आणि त्याचे यश कोणत्या मापाने मोजले जाते, हे आधी पाहिले पाहिजे. तसे पाहू गेल्यास व्यापारी प्रसारणाने केलेले सर्वांत मोठे नुकसान कटकारस्थाने, भरजरी साड्या आणि कानठळ्या बसवणारे पार्श्वसंगीत यांहून खोल आहे, असे ध्यानात येते. आपल्या दूरचित्रवाणीवर गोष्ट आता संपत नाही, आणि ज्या गोष्टीला संपायचेच नसते तिला नीट घडवणे कोणत्याही लेखकाला शक्य नसते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. बातम्यांवर सरकारची छाया होती, आणीबाणीत तर ती छाया अंधारासारखी दाट झाली. यंत्रसामग्री तुटपुंजी होती आणि पुष्कळ कार्यक्रम कंटाळवाणे होते. तरीही एक गोष्ट त्या व्यवस्थेत निश्चित होती. विषयाला जेवढी लांबी हवी तेवढी निर्माता देऊ शकत असे. विनायक चासकरांच्या ‘गजरा’त पाच-सात मिनिटांचे प्रहसन पाच-सात मिनिटांतच संपत असे. सुहासिनी मुळगावकरांच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये एखाद्या लेखकाशी गप्पा होत आणि पुढच्या वेळी दुसराच कलावंत समोर असे. चि. वि. जोशींच्या कथांवरची ‘चिमणराव’ ही मालिका सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आली, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ती माणसे घराघरांत ओळखीची केली, आणि कथा संपल्या तशी मालिकाही थांबली. ती आणखी चालवा, असे सांगणारा कोणताही आकडा तेव्हा अस्तित्वात नव्हता. ‘आमची माती, आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी होते, ‘किलबिल’ मुलांसाठी आणि ‘ज्ञानदीप’ प्रौढ शिक्षणासाठी. या तिन्ही प्रेक्षकवर्गांच्या खिशात फारसे पैसे नव्हते आणि त्यामुळे त्यांचे काही अडत नव्हते.

दूरदर्शनवर जाहिराती आल्या त्या १ जानेवारी १९७६ पासून, म्हणजे खाजगी वाहिन्यांच्या कितीतरी आधी. मात्र खरा बदल झाला तो १९८४ साली, जेव्हा प्रायोजित मालिकांची पद्धत सुरू झाली. निर्मात्याने दूरदर्शनला शुल्क भरायचे, त्या बदल्यात जाहिरातींसाठी ठरावीक सेकंद मिळवायचे आणि ते प्रायोजकाला विकून आपला खर्च भरून काढायचा, असा तो व्यवहार होता. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ ही या पद्धतीची पहिली मोठी मालिका आणि ‘मॅगी’ नूडल्स ही तिची प्रायोजक. कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचे समाजातील स्थान यांविषयी मनोरंजनातून प्रबोधन करावे, या उद्देशाने, मेक्सिकोतील अशाच मालिकांचा आदर्श समोर ठेवून ती आखली होती. सुरुवातीच्या भागांना प्रतिसाद थंड मिळाला तेव्हा कुटुंबनियोजनाचा धागा बारीक करण्यात आला आणि कौटुंबिक नाट्य वाढवण्यात आले. ती मालिका उत्तम होती, लोकांनी तिच्यावर मनापासून प्रेम केले, हे मान्य करूनही मला त्या घटनेत पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज दिसते. तरी ‘हम लोग’लासुद्धा शेवट होता, दीड वर्षाच्या आत, डिसेंबर १९८५ मध्ये, तिने प्रेक्षकांचा रीतसर निरोप घेतला.

खाजगी मराठी वाहिन्यांनी सगळे बिघडवले, असा सरसकट निष्कर्ष यावरून कोणी काढू नये. १९९९ साली आलेल्या अल्फा मराठीची पहिली काही वर्षे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. मराठी साहित्यकृतींवर आधारलेले ‘पिंपळपान’, प्रतिमा कुलकर्णींची ‘प्रपंच’, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिका जाहिरातींच्याच पैशावर उभ्या होत्या. २००८ मध्ये स्टार प्रवाह सुरू झाली तेव्हा सतीश राजवाडे यांची ‘अग्निहोत्र’ आली, आणि एका वाड्याची, एका कुटुंबाची मोठी, गुंतागुंतीची कथा संयमाने कशी सांगावी याचा तिने वस्तुपाठ दिला. पुढे ‘रात्रीस खेळ चाले’ने सावंतवाडीजवळच्या आकेरीतून मालवणी बोली थेट घराघरांत पोहोचवली, कोल्हापूर-साताऱ्याकडची बोलीही नायक-नायिकांच्या तोंडी आली, आणि नाटकांत काम करून पोट न भरणाऱ्या शेकडो कलावंतांना व तंत्रज्ञांना नियमित रोजगार मिळाला. मुंबई-पुण्याच्या प्रमाणभाषेत अडकलेल्या सरकारी वाहिनीला हे साधले नव्हते. तेव्हा जाहिरात म्हणजेच अधोगती, हे समीकरण मी स्वीकारत नाही. जाहिरातीचा पैसा तोच राहिला. बदलले ते त्या पैशाचे वाटप ठरवणारे माप आणि त्या मापाचा वेग.

हे माप कसे चालते, हे बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. बार्क ही संस्था २०१५ पासून देशातील प्रेक्षकसंख्येचे आकडे देते. २०२० च्या अंदाजानुसार देशात दूरचित्रवाणी संच असलेली घरे सुमारे २१ कोटी होती. त्यांतील साधारण ५५ हजार घरांत एक मापक बसवलेला असतो, वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न ऐकू येणारी खूण तो टिपतो आणि घरातले कोण पाहत आहे ते त्या त्या व्यक्तीने बटण दाबून नोंदवायचे असते. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक बाजार मानला जातो. ज्या घरात मापक असतो त्या घराची प्रतवारी कुटुंबातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि घरात फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटार यांसारख्या वस्तूंपैकी किती आहेत, यांवरून होते. म्हणजे जाहिरातदाराला प्रेक्षकाची रसिकता विकली जात नाही, त्याची खरेदीची ताकद विकली जाते. यात काही कपट आहे असे मी म्हणत नाही. साबण, चहा आणि धुण्याची पावडर विकणाऱ्या कंपनीने आणखी काय विचारावे? परंतु त्या मोजणीतून निघालेला आकडा कार्यक्रमाच्या गुणवत्तेचा निकाल म्हणून वाचला जाऊ लागला, तिथे घात झाला.

हा आकडा दर गुरुवारी येतो. आठवड्याचे सहा-सात दिवस चालणाऱ्या मालिकेच्या चमूसाठी गुरुवार हा परीक्षेचा दिवस असतो. आकडा घसरला तर वाहिनीच्या क्रिएटिव्ह विभागाकडून तातडीने नवा ‘ट्रॅक’ मागितला जातो. चार महिन्यांपूर्वी आखलेली कथा बाजूला पडते, मेलेले पात्र परत येते, शहाणी म्हणून उभी केलेली स्त्री एका रात्रीत भोळसट होते. आकडा वाढला तर आणखी वाईट, कारण ज्या प्रसंगामुळे तो वाढला तो प्रसंग मग महिनाभर ताणला जातो आणि वर रविवारचा ‘महाएपिसोड’ लावला जातो. प्रक्षेपणासाठी तयार भागांचा साठा, ज्याला या व्यवसायात ‘बँक’ म्हणतात, तो पुष्कळदा दोन-चार भागांचाच असतो, त्यामुळे सकाळी चित्रित होणाऱ्या प्रसंगाचे संवाद कलाकाराच्या हाती सेटवरच पडतात. अर्ध्या तासातून जाहिराती, शीर्षकगीत, मागील भागाची उजळणी आणि पुढील भागाची झलक वजा केली की वीस-बावीस मिनिटे उरतात, आणि त्यांतही प्रत्येक ब्रेकच्या आधी एक धक्का द्यावाच लागतो, नाहीतर प्रेक्षक दुसरीकडे जाईल ही भीती असते. एकाच वाक्यावर खोलीतल्या पाचही जणांचे चेहरे तीन-तीन वेळा दाखवले जातात याचे कारण दिग्दर्शकाची अभिरुची हे नसून वेळ भरून काढण्याची गरज हे आहे. ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. त्यात काम करणाऱ्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण तीन हजार भाग पुरेल एवढी कथा जगातल्या कोणत्याही लेखकाजवळ नसते, हेही तितकेच खरे आहे.

त्याच आकड्याच्या भीतीतून दुसरी एक गोष्ट आली आहे आणि तिच्याबद्दल मराठी माणसाने जास्त अस्वस्थ व्हायला हवे. एका भाषेत चाललेली मालिका दुसऱ्या भाषेतील वाहिनीवर नव्याने करण्याची प्रथा आता सर्वमान्य झाली आहे. ‘आई कुठे काय करते’ ही बंगालीतील ‘श्रीमोयी’वरून आली, ‘ठरलं तर मग’ ही तमिळमधील ‘रोजा’वरून. रूपांतराला माझा विरोध नाही. मराठी रंगभूमी रूपांतरांवरच वाढली आणि चांगले रूपांतर हे स्वतंत्र निर्मितीइतकेच मोलाचे असते. येथे मात्र निवड होते ती कथेच्या आशयामुळे नव्हे, तर ती दुसऱ्या बाजारात खपलेली असल्यामुळे. ज्या भाषेत कथा, कादंबरी आणि नाटक यांची परंपरा इतकी समृद्ध आहे, त्या भाषेतल्या वाहिन्यांना संध्याकाळच्या मुख्य वेळेसाठी नवी मराठी कथा हा धोका वाटावा, ही परिस्थिती क्लेशदायक आहे.

जे हरवले त्याची यादी करू लागले तर पत्र संपणार नाही, पण मुलांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मी अनेक वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि माझ्या डोळ्यांसमोर मुलांच्या बोलण्यातली मराठी हिंदीत भाषांतरित झालेल्या कार्टूनच्या वळणाने बदलत गेली. मोठ्या खाजगी मराठी वाहिन्यांवर मुलांच्या वयाला शोभेल अशा, मुलांसाठीच लिहिलेल्या कार्यक्रमांना जवळपास जागा उरलेली नाही. मुले दिसतात ती गाण्याच्या किंवा नाचाच्या स्पर्धेत, मोठ्यांची गाणी म्हणताना आणि परीक्षकांच्या शेऱ्यांवर रडताना. मूल स्वतः खरेदी करत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी स्वतंत्र अर्धा तास राखणे वाहिनीला परवडत नाही. वृत्तवाहिन्यांचेही गणित वेगळे नाही. गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये बातमीदार आणि कॅमेरा पाठवण्यापेक्षा चार प्रवक्ते स्टुडिओत बसवून तासभर भांडायला लावणे कितीतरी स्वस्त पडते.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की लोकांना हेच हवे आहे. या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला आहे. संध्याकाळी साडेसात वाजता सर्व मोठ्या वाहिन्यांवर एकाच साच्यातील मालिका असताना त्यांतील एक पाहणाऱ्या स्त्रीने तो साचा पसंत केला, असे म्हणता येईल का? दिवसभर राबून तिला अर्धा तास बसायला मिळालेला असतो आणि समोर जे आहे त्यातले ती त्यातल्या त्यात बरे निवडते. मापक तिने काय पाहिले ते नोंदवतो. तिला काय पाहायला आवडले असते, ते विचारण्याची सोय त्यात नाही. ‘हम लोग’च्या वेळी प्रेक्षकांनी लाखोंच्या संख्येने पत्रे लिहून आपले मत कळवले होते आणि त्या पत्रांत पात्रांच्या वागण्यावर तपशिलाने चर्चा असे. बटणाच्या नोंदीत असा एकही शब्द नसतो.

शिवाय प्रेक्षक आता दोनदा पैसे मोजतो. २०१९ पासून लागू झालेल्या दरपद्धतीनुसार आपण वाहिनीगणिक किंवा वाहिन्यांच्या गटागणिक किंमत देतो आणि त्याच वाहिन्यांवर जाहिरातीही पाहतो. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमावलीत तासाला १२ मिनिटांची मर्यादा घातलेली आहे, १० मिनिटे जाहिराती आणि २ मिनिटे वाहिनीची स्वतःची प्रसिद्धी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये तिची काटेकोर अंमलबजावणी करायचे ठरवताच वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ज्यांना ही मर्यादा कितपत पाळली जाते हे पाहायचे असेल त्यांनी एखाद्या सणाच्या दिवशी रात्री आठ ते नऊ या वेळेत घड्याळ लावून बसावे.

उपाय काय, असा प्रश्न येईल. नवे कायदे करावेत असे माझे म्हणणे नाही, कारण जे कागदावर आहे तेच पुरेसे आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले आहे. याच विचारावर आधारून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाहिन्यांनी दररोज ३० मिनिटे लोकसेवेचे प्रसारण करावे, अशी अट घातली. शिक्षण, शेती, आरोग्य, विज्ञान, स्त्रियांचे आणि दुर्बल घटकांचे कल्याण, पर्यावरण व सांस्कृतिक वारसा, राष्ट्रीय एकात्मता असे तिचे विषय आहेत. अट स्तुत्य होती, पण नंतरच्या सूचनांनी ती पोकळ केली. ही ३० मिनिटे सलग असण्याची गरज नाही, आणि इतर कार्यक्रमांत गुंफलेला मजकूरही त्यात धरता येतो. तेव्हा मालिकेतल्या सासूने सुनेला मुलीच्या शिक्षणाबद्दल दोन वाक्ये सुनावली तरी ती मिनिटे लोकसेवेच्या खात्यात जमा होऊ शकतात. ही मुभा काढून घ्यावी, अर्धा तास सलग आणि संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यान असावा, आणि कोणत्या वाहिनीने त्या वेळेत काय दाखवले याचा मासिक अहवाल सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध व्हावा. एवढे झाले तरी ‘आमची माती, आमची माणसं’सारख्या कार्यक्रमाला खाजगी वाहिनीवर हक्काची जागा मिळेल.

दुसरी सुधारणा आकड्यांच्या वेगाबद्दलची आहे आणि तिच्यासाठी पुरावा आपल्यासमोरच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रेक्षकसंख्येत फेरफार होत असल्याचे आरोप झाल्यावर बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणे थांबवले आणि ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू केले. सुमारे दीड वर्ष वृत्तवाहिन्या साप्ताहिक आकड्याशिवाय चालल्या, जाहिराती मिळवत राहिल्या, आणि एकही मोठी मराठी वृत्तवाहिनी त्यामुळे बंद पडली नाही. आकडे परत आले तेव्हा ते चार आठवड्यांच्या सरासरीने देण्याचे ठरले. वृत्तवाहिन्यांना जे लागू करता आले ते मालिकांना का लागू करू नये? माझ्या मते मालिकांचे आकडे तीन महिन्यांनी एकदा यावेत. लेखकाला तेरा आठवड्यांची मोकळीक मिळाली, तर तो कथेची आखणी करू शकेल आणि एखादे पात्र हळूहळू उलगडू शकेल. जाहिरातदाराचेही यात नुकसान नाही, कारण सहा महिन्यांसाठी घेतलेल्या वेळेचा हिशेब दर गुरुवारी मांडण्याची त्याला खरी गरज नसते.

तिसरी गोष्ट दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीची, आणि येथे माझी निराशा सर्वांत मोठी आहे. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारती या संस्थेचा कायदा १९९० मध्ये झाला, १९९७ मध्ये अमलात आला, आणि लोकसेवेचे प्रसारण हे त्याने या संस्थेचे पहिले कर्तव्य ठरवले. असे असूनही तिने जाहिरातीतून किती मिळवले, हा प्रश्न तिच्या डोक्यावर कायम टांगलेला आहे, आणि त्यापायी सह्याद्रीने अनेकदा खाजगी वाहिन्यांची फिकी नक्कल केली. ब्रिटनमध्ये १९८२ साली सुरू झालेली चॅनेल फोर ही वाहिनी जाहिरातींवरच चालते, पण मालकी सार्वजनिक आहे. ती अनेक दशके स्वतः कार्यक्रम तयार करत नव्हती, स्वतंत्र निर्मात्यांकडून करवून घेत असे, आणि नवे प्रयोग करणे हे तिच्यावर कायद्याने घातलेले बंधन आहे. सह्याद्रीने वर्षाला निदान चार अशा मालिका मराठी लेखकांकडून लिहवून घ्याव्यात, ज्यांचे भाग तेरा किंवा सव्वीस असतील आणि ज्यांचा शेवट पहिल्या दिवशीच लिहिलेला असेल. राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते. तशीच योजना अशा मर्यादित भागांच्या मालिकांना आणि माहितीपटांना लागू केली, तर पैशाची सबब उरणार नाही. चित्रपटगृह नसलेल्या तालुक्यातही दूरचित्रवाणी संच असतो, हे शासनाने लक्षात घ्यावे.

शेवटी एक विनंती आपल्याकडेच आहे. नाटकाचे आणि चित्रपटाचे परीक्षण आपण नेमाने छापता. नाटक फसले तर का फसले, हे आपले समीक्षक निर्भीडपणे लिहितात. लाखो लोक रोज रात्री जे पाहतात त्याची मात्र आपल्या पुरवणीत दखल घेतली जाते ती या आठवड्यात कोणती मालिका पहिल्या क्रमांकावर आली, कोणत्या अभिनेत्रीने मालिका सोडली आणि सेटवर कोणाचा वाढदिवस साजरा झाला, एवढ्यापुरतीच. आपणही त्यामुळे त्याच आकड्याची प्रसिद्धी करत असता. आठवड्यातून एकदा, एका जाणत्या समीक्षकाने एका मालिकेच्या लेखनाविषयी, दिग्दर्शनाविषयी आणि भाषेविषयी सविस्तर लिहावे, असे सदर आपण सुरू करावे आणि क्रमवारीची चौकट त्या जागेसाठी काढून टाकावी, असे मी कळकळीने सुचवते. चांगले लिहिणाऱ्या पटकथाकाराचे नाव त्यामुळे वाचकांना माहीत होईल, आणि वाहिनीशी बोलताना त्याच्या हाती गुरुवारच्या आकड्याखेरीज आणखी एक आधार येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली